काकाकुवांचं वाण

“काकाकुवा गेले गं,” असं माझ्या मैत्रिणीने, सुनंदाने फोनवर सांगितलं तेव्हा मी कौन्सिलच्या ऑफिसात, किचनच्या सिंकपाशी कॉफीचा मग विसळत उभी होते. माझा चेहरा बघून शेजारी सँडविच खाणाऱ्या हेलनने विचारलं, कोण गेलं? आणि इतकी वर्षं या देशात काढून, इंग्रजीत भांडणंसुद्धा जिंकून, माझ्या तोंडातून नेमकं शब्दशः भाषांतर बाहेर पडलं. “अवर कॉकॅटू,” मी म्हणाले. हेलनने सँडविच खाली ठेवलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वय काय होतं ते विचारलं. “एटी वन,” मी सांगितलं. ती हळुवारपणे म्हणाली की हो, ते बरेच जगतात… आणि मला हसू आलं. बातमी कळून हातातला मगही पुसून झाला नव्हता आणि मी सिंकवर ओणवून हसत होते. रडू नंतर आलं, पण नंतरच आलं. त्या हसण्यात पहिला विचार कोणता आला, तर ही गंमत काकांना सांगायला हवी.

काकाकुवा म्हणजे अरविंद सबनीस. ब्रिस्टलच्या मराठी घरांत ते मुळात नुसते सबनीसकाका होते. विमानांच्या पंखांची गणितं करण्यात त्यांची हयात गेली. उंच, किंचित पुढे झुकलेले, आणि टाळूवर मधोमध पांढऱ्या केसांचा एक तुरा, जो तेल लावा, पाणी लावा, उभा तो उभाच. त्यांच्या मुलीने ऑस्ट्रेलियाहून पाठवलेल्या पहिल्या खोक्यातून त्यांनी एक कापड काढून मला दाखवलं, तर त्यावर पिवळा तुरा फुलवून बसलेला एक पांढराशुभ्र पक्षी होता. आता जिभेला हाड नसलेली बाई गप्प कशी बसणार? काका, हा तर तुमचाच फोटो, मी म्हणाले. काका अधिक काकाकुवा, संधी आपोआप झाला आणि महिन्याभरात गावभर झाला. त्यांनी भिंतीवरच्या आरशात पाहून तुरा हाताने दाबून बघितला, तो परत उसळला, आणि ते म्हणाले, “पक्षी जास्त नीटनेटका आहे.”

मुलीचं नाव रेवा. ती जन्मली इथे, फार्मसी शिकली इथे, चांगली नोकरीही करत होती. मग एक दिवस औषधांचं काउंटर सोडून ती अ‍ॅडलेडला पक्षी काढायला निघून गेली. काकांचा तेव्हाचा संताप मी पाहिलेला आहे. पक्षी झाडावर बसलेले असतातच, ते कागदावर बसवायला चार वर्षांची डिग्री कशाला फेकायची, असं ते म्हणाले होते, तिच्या तोंडावर. त्यानंतर बरेच दिवस बापलेकीचं बोलणं मालतीकाकूंमार्फत चालायचं. मालतीकाकू गेल्या आणि मध्यस्थच उरला नाही. मग ते खोकं आलं. आत चहाची भांडी पुसायची फडकी, ज्यांना इथे टी टॉवेल म्हणतात. चांगलं जाडसर लिनन, आणि प्रत्येकावर रेवाच्या हातचा एकेक ऑस्ट्रेलियन पक्षी. पोट धरून हसल्यासारखा दिसणारा कुकाबरा, गुलाबी छातीचा गलाह, अंगठ्याएवढा निळा रेन, शेपटीची वीणा करून उभा असलेला लायरबर्ड. काकांनी ती सगळी जेवणाच्या टेबलावर पसरली, भिंग आणलं आणि संपूर्ण संध्याकाळ पिसं तपासण्यात घालवली. शेवटी भिंग मिटून म्हणाले, “रेघ कुठेही थरथरलेली नाही.” त्या माणसाकडून मी याहून मोठं कौतुक कधी ऐकलं नाही.

मालतीकाकूंचं संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे फार गाजायचं. त्या गेल्यावर ते बंद होईल असं आम्ही गृहीत धरलं होतं, तर जानेवारीत काकांचेच फोन सुरू झाले. या, वाण आहे. आम्ही गेलो. हळदीकुंकू आम्ही बायकांनीच एकमेकींना लावलं, आणि काका स्वतः हॉल आणि पॅसेजच्या मधल्या दारात, ना आत ना बाहेर, तिळगुळाचा डबा काखेत आणि हातात फडक्यांची चळत घेऊन उभे. प्रत्येकीच्या हातात एक द्यायचे. तळहाताएवढी चौकोनी घडी, वर लोकरीचा दोरा, आणि दोऱ्यात खोचलेल्या चिठ्ठीवर त्यांच्या टंकासारख्या अक्षरात पक्ष्याचं नाव. आणि प्रत्येकीला तीच ताकीद, “हे पुसायला आहे बरं का. पैठणी नव्हे.” मी विचारलं, काका, आता तुमचीही ओटी भरू का? ते म्हणाले, “नारळ तेवढा दे, चटणी करतो.” पुढे दर संक्रांतीला हेच वाण. पक्षी तेवढे बदलायचे.

आता खरी गोष्ट सांगते. एकीनेही पुसलं नाही. आमच्यात फडकं विकत घ्यायचं नसतं, फडकं व्हावं लागतं. कापड आधी चादर म्हणून सेवा करतं, मग उशीचा अभ्रा होतं, आणि सगळी उमेद संपली की त्याला फडक्याच्या पदावर नेमतात. माझ्या ओव्हनच्या दांडीवर नवऱ्याच्या जुन्या टी-शर्टची पाठ लटकते, तिच्यावर अजून एका हाफ मॅरेथॉनचं नाव वाचता येतं. तिथे जन्मतःच फडकं असलेलं, कोरं करकरीत लिनन, वर इतका देखणा पक्षी, त्याने कढईचं बूड पुसायचं? हात धजत नव्हता. म्हणून ती कपाटात गेली. कपाटात कुठे? तर ज्या ढिगात खण असतात तिथे. आकार तोच, घडी तीच. आणि खण हे तर आमचं चलन, शिवायचं नसतं, फिरवायचं असतं. कुणी सवाष्ण आली, ढिगातलं वरचं काढलं, नारळ ठेवला, दिली ओटी भरून. असे ऑस्ट्रेलियाचे पक्षी इंग्लंडभर उडाले. सुनंदाचा लायरबर्ड तिच्या नणंदेकडे बर्मिंगहॅमला गेला, तिथून लेस्टरला एका बारशाला, आणि मग स्लाऊला एका डोहाळजेवणात सुनंदाच्याच ओटीत परत आला. दोरा तोच, चिठ्ठी तीच. अधूनमधून काका विचारायचे, पुसता ना? आणि आम्ही शाळेत हजेरी द्यावी तशा एका सुरात सांगायचो, रोज.

काका गेले ते झोपेत. रेवा आली. स्मशानाचं सगळं झाल्यावर कम्युनिटी हॉलमध्ये माणसं जमली आणि सगळ्यांनी मला पुढे ढकललं, तू बोल, तू छान बोलतेस. मी मंडळाची नाटकं बसवते, मला हॉल कळतो. पहिल्या दोघांच्या भाषणांनी लोक अगदी मान खाली घालून बसले होते. मी तुऱ्यापासून सुरुवात केली. मग हेलनचं “ते बरेच जगतात”. हॉल हलला. मग मी लायरबर्डची गोष्ट काढली. ब्रिस्टल, बर्मिंगहॅम, लेस्टर, स्लाऊ, एकेक गाव मी अशा थाटात घेतलं की लोकांनी डोळे पुसत हसावं. सुनंदा जागेवरून ओरडली, परवा मी तो परत एकीला दिला. आणि मी हात वर करून म्हणाले, मंडळी, प्रामाणिकपणे सांगा, काकांच्या फडक्याने एक तरी बशी आजवर कुणी पुसली आहे का? हशाचा असा लोट आला… पहिल्या रांगेत रेवा बसली होती. ती आधी हसत होती, मग नुसते दात दिसत राहिले, मग तिने मान खाली घातली आणि ती स्वतःच्या बोटांकडे बघत बसली. मला ते दिसलं. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात आलं. पण हॉल हातात होता, आणि मी गलाहची गोष्टही सांगितली.

दोन दिवसांनी मी काकांच्या घरी तिच्यासाठी मुगाची खिचडी घेऊन गेले. जेवण झाल्यावर ती भांडी घासायला उभी राहिली, मी पुसायला. कुकरशेजारचा ड्रॉवर उघड, तिने सांगितलं. ड्रॉवरमध्ये फडकीच फडकी, सगळी तिची, आणि सगळी वापरलेली. धुवून धुवून मलमलीसारखी मऊ झालेली, एकावर हळदीचा डाग, एकावर बिटाचा. मी एक घेऊन बशीवर फिरवलं तर बशी एका हातात कोरडी. रेवा म्हणाली की नवीन लिनन पाणी पीतच नाही, नुसतं इकडचं तिकडे ढकलतं. खूप वेळा धुतलं की मग प्यायला लागतं. तिचं मराठी इथे वाढलेल्या मुलांचं आहे, लिंगं तिच्या मर्जीने चालतात.

“बाबा दर संडेला फोन करायचा,” ती म्हणाली. “कुणाच्या किचनमध्ये कुठली पक्षी आहे, सगळं सांगायचा. सुनंदामावशीकडे लायरबर्ड, त्यावर बीटरूट सांडली. फोटोपण पाठवायचा.”

तिने पाण्यातून हात काढले आणि ड्रॉवरमधून एक कुकाबरा ओढून काढला. त्याचा एक कोपरा जळून तपकिरी झालेला होता. जळका भाग अगदी अर्धवर्तुळात, कंपासने आखल्यासारखा.

“ही तुमची,” ती म्हणाली.

मी म्हणाले, “माझा नाही गं तो.”

“माहितीये. हॉलमध्ये कळलं.”

ती रागावली असती तर मी काहीतरी बोलले असते, उत्तरं मला सुचतात. पण ती साबणाच्या पाण्याकडे बघत शांतपणे सांगत होती. बाबाने कळवलं होतं की विदुलाने, म्हणजे मी, कुकाबरा धरून गरम तवा उतरवला आणि कोपरा जाळला. तेव्हा तिने त्याला बजावलं होतं की काकूंना सांग, लिनन चटकन जळतं, हाताला चटका बसेल. आणि बाबाने लोकांचं म्हणणं म्हणून असंही कळवलं होतं की ओव्हनच्या दांडीवर टाकलं की पक्ष्याचं डोकं मागे जातं, पुढे नुसते पाय दिसतात. म्हणून तिने सगळे पक्षी खाली घेऊन नव्याने काढले होते. पुढच्या खोक्यातले सगळे तसेच आहेत. “मला वाटायचं, ब्रिस्टलमधल्या बायका मला सांगतायत,” ती म्हणाली.

आणि मला आठवलं. एकदा जेवून निघताना काका दारात थांबले होते आणि कारण नसताना म्हणाले होते, विदुला, गरम तवा फडक्याने धरू नकोस. मी त्यांची टर उडवली होती की काका, मी सांडशी वापरते, तुमच्या विमानाच्या पंखाने उतरवू का? ते हसले आणि बूट घालायला वाकले. निरोप पोचवायचा होता, तो त्यांनी पोचवला. माझा हिरवा ट्रे त्यांनी नेला होता तो वर्षभर परत केला नव्हता, त्यावरूनही मी चारचौघांत त्यांना छळायचे. रेवाने फोनवर फोटो दाखवले. जळक्या कुकाबऱ्याच्या मागे माझा हिरवा ट्रे. बिटाच्या डागामागे सुनंदाची पितळी समई, तीही ते पॉलिश करून देतो म्हणून घेऊन गेले होते. इतकी वर्षं नाटकं बसवते, इतकं निगुतीचं नेपथ्य मी पाहिलेलं नाही. एकटा म्हातारा माणूस, स्वयंपाकघरात शेगडी पेटवून, मुलीने काढलेल्या पक्ष्याचा कोपरा मोजून जाळतो आहे… आणि हे सगळं खोटं मुळात कुणाचं? आमच्या घरी जेवून गेलेल्या त्या माणसाला माझ्या ओव्हनवरची टी-शर्टची पाठ दिसत नव्हती थोडीच. आम्हीच त्यांना सांगितलं होतं, रोज पुसतो. त्यांनी ते निमूट घेतलं, त्याला डाग पाडले, चटका दिला, आणि खरं वाटेल असं करून मुलीला दिलं. मी ते एका हशासाठी फोडलं.

मी सॉरी म्हणाले. रेवा म्हणाली, इट्स ओके, काकू. या देशात इट्स ओके म्हणजे काय ते तीस वर्षांत मला नीट कळलेलं नाही. निघताना तिने जळका कुकाबरा घडी करून माझ्या पिशवीत टाकला. मी नको म्हणाले. “बाबाने सांगितलंय ना तुमची आहे,” ती म्हणाली. ती गेली अ‍ॅडलेडला. मी दोनदा मेसेज केला, दोन्ही वेळा उत्तरात पक्ष्याचा एक छोटासा इमोजी आला, बाकी काही नाही.

टी-शर्टची पाठ मी काढून टाकली आहे. दांडीवर आता कुकाबरा असतो, डोकं पुढे येईल असा. भांडी पुसते त्यानेच, आणि पुसताना कोपरा हाताला लागतो, जळलेल्या जागी कापड खरखरीत झालं आहे. घरी येणाऱ्या बायकांची नजर तिथे जाते. परवा सुनंदाने कोपरा बोटांत धरून विचारलं, अगं, इतकं सुंदर फडकं, जाळलंस कसं? ते काकांच्या ड्रॉवरमधलं, त्यांनीच जाळलेलं, हे तिला ठाऊक नाही. तिला म्हणाले, “डोशाचा तवा उतरवत होते, लागला.” ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. माझ्या गोष्टीत पुढे काहीतरी असतं, याची तिला सवय आहे. मी पुढची बशी उचलली आणि पुसायला लागले.