शेवंतीच्या नाकपुड्या

सकाळी तबेल्यात गेले तेव्हा शेवंती घोडी दाराबाहेर मान काढून खोकत होती. तिच्या ओल्या नाकपुड्यांना पिठासारखा भुसा चिकटला होता. अंगावर मात्र कण नव्हता, म्हणजे रात्रभर ती आडवी झालीच नव्हती.

तिच्याखाली अंथरायला मी पाइनच्या लाकडाचे रुंद, कोरडे छिलके मागवते. मी गावाला गेल्याचं पाहून आमच्या रायडिंग क्लबचा कारभार बघणाऱ्या बापटांनी फर्निचरच्या कारखान्यातला भुसा टाकून घेतला. प्लायवूड कापताना उडणारा, सरसाचा उग्र वास मारणारा.

“ताई, किती स्वच्छ दिसतोय बघा,” बापट मागून येत म्हणाले. “रविवारी पाहुणे यायचेत.”

“पाहुणे झोपणार आहेत का त्यावर?”

“तुम्ही पण ना! घोडीला काय कळतंय?”

घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. जे काही आत जायचं ते नाकातूनच, आणि झोपताना नाक त्या भुशातच. बापटांनी हात घालून मऊपणा पाहिला, नाक लावलं नाही. वसतिगृहातल्या गाद्या, इस्पितळातल्या उशा, सगळं असंच ठरतं. निवडणारा तिथे कधी झोपत नाही, आणि झोपणाऱ्याला कोणी विचारत नाही. माझं डोकं तापलं ते याने.

शेवंतीला बाहेर झाडाखाली बांधलं आणि बापटांच्या हातात फावडं दिलं. थोडा भुसा उपसला नाही तोच ते खोकायला लागले.

“जरा तोंडाला रुमाल बांधतो हं.”

“बांधा,” मी म्हटलं. “तुम्हाला बांधता येतो.”