आठवडाभराची खोटी वही

सुमित्राक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मारतहळ्ळीला ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवत होतो. फोन त्यांची सहायक लता हिचा होता. सकाळी हृदयविकाराचा झटका आला, हॉस्पिटलपर्यंतही पोचता आलं नाही. मी ताट बाजूला सारलं, तोंडाने "अरे बापरे" म्हणालो, आणि मनात जो पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. आता त्यांना खरं सांगावं लागणार नाही, असा होता... त्याला दीड महिना झाला. दुःख मागाहून आलं, भरपूर आलं, पण तो पहिला विचार काही पुसला जात नाही.

अक्का मूळच्या निपाणीच्या. लग्न होऊन बनशंकरीत आल्या त्या इथल्याच झाल्या. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मी पुण्याहून नोकरीसाठी आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर एकटा राहू लागलो. त्या एका संस्थेत लोकांच्या जेवणावर संशोधन करायच्या. म्हणजे नेमकं काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "अंगी लागायला पाहिजे, खिशाला परवडायला पाहिजे, आणि त्यापायी कुणाची विहीर आटायला नको. असं जेवण या गावात कोण जेवतंय, आणि जेवत नसतील तर का, एवढंच बघायचं." त्यासाठी त्या पीण्याच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या खोल्यांपासून आमच्यासारख्यांच्या फ्लॅटपर्यंत सगळीकडे ओट्यापाशी जाऊन बसायच्या. पिशवीतून मापाच्या वाट्या निघायच्या. भाजी कुठून आणली, केवढ्याला, किती शिजवली, किती टाकली, सगळं विचारायच्या. आणि शेवटी ओल्या कचऱ्याची बादली काट्यावर ठेवायच्या. मी हसलो की म्हणायच्या, "पाहुणा आला की ताट नटतंय रे. बादली कोण नटवतंय?"

गणपतीत मराठी मंडळाच्या पंगतीत मी एकदा फुशारकी मारली होती, की मी नाचणीच्या भाकऱ्या स्वतः थापतो, रोज एक पालेभाजी करतो, बाहेरचं खात नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. भाकरी मी आयुष्यात दोनदा थापली होती, आणि दोन्ही वेळा ती तव्यावर नकाशासारखी पसरली होती. अक्का समोरच बसल्या होत्या. त्यांना एवढा आनंद झाला! आयटीतला, एकटा राहणारा, तरीही घरी रांधणारा माणूस त्या कधीच्या शोधत होत्या. दुसऱ्याच दिवशी वही घेऊन वर आल्या. "आठवडाभर लिहायचं. लाजू नको. ब्रेड खाल्लास तर ब्रेड लिही. मला चांगलं घर नको, खरं घर पाहिजे."

इतकं स्पष्ट सांगूनही मी काय लिहिलं? नाचणी, मेथी, दुधी, मुगाची उसळ. खरं तर रोज ॲपवरून मागवत होतो. बिर्याणी, नूडल्स, लोणी थापलेला डोसा. रात्रीचं खाणं उरकलं की वही उघडायची आणि न खाल्लेलं जेवण वाटीच्या मापाने लिहायचं. एका दिवशी तर 'भूक कमी, भाकरी एकच' असंही लिहिलं, खरं वाटावं म्हणून. त्या वेळी मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं होतं. आज ते आठवलं की मान वर होत नाही.

आठव्या दिवशी सकाळी, कचऱ्याची गाडी यायच्या आधी, अक्का काटा घेऊन आल्या. झाकण काढलं. आत चहाचा चोथा आणि केळ्याची दोन सालं. त्यांनी वही चाळली, परत बादलीत पाहिलं.

"मेथीचे देठ कुठं आहेत रे?"

"खाली गाईला घालतो, अक्का."

"दुधीची सालं?"

"तीही."

दाराआड काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यांनी फुगलेली सुक्या कचऱ्याची पिशवी होती. त्यांची नजर तिकडे गेली, हे मी पाहिलं. "सरी, बरं," त्या म्हणाल्या, आणि काटा पिशवीत ठेवला. मग स्वल्प कॉफी कर म्हणाल्या, ती प्यायल्या, माझ्या आईची चौकशी केली आणि खाली गेल्या.

त्यानंतर मी त्यांना टाळू लागलो. त्यांच्या दारावरून जावं लागू नये म्हणून जिना सोडून लिफ्टने उतरायचो. एकदा त्यांनी बेल वाजवली तर मी टीव्ही बंद करून श्वास रोखून बसलो. शेवटची भेट फाटकाशी झाली. "रविवारी जेवायला ये की. वही काढणार नाही मी," त्या हसत म्हणाल्या. मी ऑफिसातल्या रिलीजचं कारण सांगितलं. रविवारी वर एकटाच बसून बिर्याणी खाल्ली. खालून फोडणीचा वास येत होता. पुढच्या गुरुवारी त्या गेल्या.

मागच्या आठवड्यात लताने संस्थेत बोलावलं. ज्यांची घरं अभ्यासातून वगळली, त्यांच्या वह्या परत द्यायच्या होत्या. माझ्या वहीला एक कागद टाचलेला होता. अक्कांचं ठसठशीत अक्षर: 'हे घर वगळावे. चूक माझी. मी आधीच कौतुक केले, त्यामुळे या मुलाला खरे बोलायला जागा उरली नाही.' खाली सही.

"या कागदाची एक प्रत आम्ही ठेवली आहे," लता हिंदीत म्हणाली. "नव्या मुलींना शिकवताना दाखवतो. विचारणाऱ्याची चूक कशी होते, त्याचं उदाहरण म्हणून. मॅडम स्वतःच दाखवायच्या."

मी तिला सगळं सांगितलं. गाईसकट. म्हणालो, चूक माझी होती, तेवढं बदला. लताने कागदाकडे बघितलं आणि मान हलवली. "त्यावर मॅडमची सही आहे. आता कोण बदलणार?"

त्यांनी माझ्यावर पांघरूण घातलं, की खरंच तसं मानलं, हे विचारायची सोय मीच घालवली. खाली जेवायला गेलो असतो तर विचारता आलं असतं. संस्थेत पुढच्या महिन्यात नव्या मुली येतील, वर्गात तो कागद वाचला जाईल आणि अक्कांची चूक त्या आपापल्या वहीत उतरवून घेतील... मुलींनो, बाईंचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी नीट विचारलं होतं. मी खोटं बोललो.