तिसऱ्या बोयाखालचं जातं

माणूस पाण्यावर उभा राहू शकतो, असं मी आळेफाट्यावर आमच्या गॅरेजमध्ये जाहीर केलं तेव्हा कुणी मानसुद्धा वर केली नाही. ट्रकखाली पाठीवर पडलेला आमचा जुना मेकॅनिक तेवढा म्हणाला, "राव, आधी जमिनीवर नीट हुबा राहायला शीक."

त्याचं बरोबर होतं. पण मी माझ्या डोळ्यांनी पाहून आलो होतो. पुण्याचा एक हौशी कारखानदार डिंभे धरणाच्या पाण्यात लाँच चालवायचा, आणि तिचं इंजिन दर पंधरवड्याला रुसायचं. मंचरच्या कारागिरांनी हात टेकल्यावर त्याला कुणीतरी माझ्याकडे धाडलं. मी इंजिन गातं केलं आणि चाचणीला म्हणून लाँचमध्ये बसलो. मागे दोरीला धरून त्याचा भाचा एका फळीवर उभा राहिला, पाण्याचा पंखा उडवत या काठावरून त्या काठाला गेला. माझी तर शुद्धच हरपली. मजुरी राहू द्या, म्हटलं, मला त्या फळीवर घाला.

हे नव्वदचं दशक संपता संपतानाचं. दोन-तीन वर्षांत आमचा क्लब झाला. क्लब म्हणजे एक पत्र्याची शेड, एक लाँच, चार फळ्या आणि मी धरून पाच-सहा वेडे. शेड होती पाण्याच्या काठी, एका मावशींच्या घराला लागून. मावशींचं मूळ गाव धरणात गेलेलं. वाडीतली माणसं पांगली, मावशी मात्र वरच्या टेकाडावर भाताचं खाचर आणि चार शेरडं धरून राहिल्या. नवरा नव्हता, एक मुलगी होती. आमची भाकरी-कालवण त्याच करायच्या आणि आम्ही पाण्यात आपटलो की पदर तोंडाला लावून हसायच्या.

आता खेळ सांगतो, म्हणजे पुढचं नीट दिसेल. स्लालममध्ये पाण्यात सहा बोये, म्हणजे खुणेचे हलके गोळे, दोरीला बांधून तरंगत सोडतात, तीन डाव्या अंगाला, तीन उजव्या. लाँच मधून सरळ धावते. मागचा माणूस दोरी धरून एकेका बोयाला बाहेरून वळसा घालत नागमोडी जातो. सहाही घेतले की दोरी आखूड करायची आणि पुन्हा सोडायचं. पुढे पुढे ती इतकी आखूड होते की बोयापर्यंत पोचतच नाही. मग दोरीच्या जागी माणसानं लांब व्हायचं. कंबर पुढे, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, सगळं अंग पाण्यावर आडवं, आणि वळणावर एक हात सोडून असा ताणायचा, जणू पंगतीतल्या शेवटच्या माणसाला वाढतोय. बोयाकडे बघायचं नाही. बघितलं की माणूस त्यावरच जातो. नजर पलीकडच्या काठावर.

आणि बोया जागचा हलता कामा नये. वीतभर सरकला तरी पंच कोर्स, म्हणजे सगळी आखणीच, बाद करतात. म्हणून खाली वजन लागतं. ते आम्ही शोधलं आणि तिथेच सगळं सुरू झालं.

एका उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं, तेव्हा वाडी उघडी पडली. घरांची जोती, उंबरे, चिखलात अर्धी रुतलेली जाती. जात्याची खालची तळी जमिनीत पक्की बसवलेली, पण वरची सुटी. वजनदार, गोल, आणि कडेला खुंट्याचं आरपार भोक. गॅरेजवाल्याला भोक असलेलं वजन म्हणजे देवाचा प्रसाद. मी मावशींना विचारलं, नेऊ का?

"न्या की," त्या म्हणाल्या. "गिरणी आल्यापास्नं कोन दळतंय. पडल्यात तशाच."

सहा घरांच्या सहा तळ्या आम्ही दोरीला बांधल्या. पाणी पुन्हा भरलं, त्यांच्यावर सहा बोये तरंगायला लागले, आणि आम्ही स्वतःवर बेहद्द खूश झालो.

पुढच्या उन्हाळ्यात दोन गोष्टी ठरल्या. आमची पहिली स्पर्धा, बाहेरचे पंच आणि मुंबई-पुण्याचे खेळाडू बोलावून. आणि मावशींच्या मुलीचं लग्न. हळद नेमकी स्पर्धेच्याच दिवशी. मावशी त्या काळात भाकरी थापताना हसेनाशा झाल्या. एकदा तवा करपला तरी लक्ष नाही.

मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, आमच्या भावकीत पोरीची हळद थोरल्या घरच्या जात्यावर दळत्यात. थोरलं घर म्हंजी आमचंच. गाव बुडाल्यापास्नं भावकीतल्या दोन पोरी उजवल्या, हळद दुकानातली पुडी आनली. एक दिवाळीच्या आत माघारी आली. दुसरीचा नवरा मुंबईला गाडीवर गेला त्यो गेलाच. आता दीर म्हंतोय, हिची हळद जात्यावर पायजे. न्हाय तर मी हळदीला हात लावनार न्हाय, म्हंतोय."

"मग दळा की."

"कशावर? तुमाला दिलं न्हाय का मी माझ्याच हातानं?"

सहापैकी त्यांचं कुठलं, हे आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. चिखलानं सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मी म्हटलं, सगळ्या वर काढतो, तुम्ही ओळखा. पण त्याची गरज पडली नाही.

कारण त्याच आठवड्यात तिसरा बोया चालायला लागला.

संध्याकाळी कोर्स मोजून जायचो, सकाळी बाकीचे पाच जागेवर आणि तिसरा दोन हात बाजूला. आम्ही ओढून परत आणायचो. दुसऱ्या सकाळी पुन्हा बाजूला, त्याच दिशेला. मी मेकॅनिक माणूस, कारण शोधलं. कालव्याला आवर्तन सुटलं होतं, पाणी उतरत होतं, दोऱ्या सैल पडल्या होत्या. पण सैल तर सहाही पडल्या होत्या. मग म्हटलं तळ उतरता असेल, दगड घरंगळत असेल. लाँचमधून दोरीला वजन बांधून खोली मोजली. बोया चालला होता त्या अंगाला तळ चढता होता.

कारखानदार म्हणाला, "कुणीतरी गंमत करतंय." आणि माझ्याकडे बघितलं. माझी ख्याती तशी होती खरी, पण ही गंमत माझी नव्हती.

मावशी शेडच्या दारात उभ्या राहून डोळ्यांवर हात धरून बघत होत्या. अगदी सहज म्हणाल्या, "आमचंच हाय त्ये. थितं, त्या बाजूला घर व्हतं आमचं. चाललंय घराकडं."

कुणी हसलं नाही. बोयाही त्या दिवसापासून आम्ही ओढून आणला नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो एका जागी थांबला, तो कायमचा.

त्या दिवशी शेवटच्या सरावाला मी पाण्यात उतरलो. सुरुवातीला असं असतं की गुडघे छातीशी घेऊन, फळीचं टोक वर काढून, कानापर्यंत पाण्यात बसायचं आणि लाँच दोरी ताणेपर्यंत वाट बघायची. इंजिन बंद होतं. आधी गेलेल्या फेरीच्या लाटा अजून काठाला आपटून परत येत होत्या. माझे कान पाण्याखाली होते.

घर्र... घर्र...

इंजिनाचे सगळे आवाज मला पाठ आहेत. हा त्यातला नव्हता. पहाटे अर्धवट झोपेत ऐकू यावा तसा, सावकाश, दगडावर दगड. लाट आली की यायचा. मी कान वर काढला की फक्त पक्षी.

मी फळीवरचा पायाचा पट्टा सोडला, फळी ढकलून दिली आणि पोहत लाँचवर आलो. माझा चेहरा बघून कारखानदारानं चावी फिरवली. आम्ही तिसऱ्या बोयाशी गेलो, दोरी लाँचला बांधली आणि ओढली. लाँचचं मागचं तोंड पाण्यात बसलं, दोरी करकरली, खालचं वजन तसूभर उचललं गेलं नाही. जी तळी मी आणि आणखी एकानं चिखलातून उचलून आणली होती, तिला इंजिन हलवू शकेना.

मावशींना सांगितलं. त्यांनी आधी शेरडांपुढे पाला टाकला. मग म्हणाल्या, "बसलं आसंल खालच्या तळीवर. आता कशाला उठंल? न्हाय येत वर तर न्हाय. आपन थितंच दळू."

"मावशी, पाण्याखाली?"

"तुमी पानी घुसळताय न्हवं रोज? वर दोरी हालती, खाली तळी फिरती. तुमीच तर दळताय कवापास्नं, कोरडं."

मी मनात यंत्र जोडून पाहिलं. दोरी खुंट्याच्या भोकात बांधलेली होती. लाट बोयाला ओढते, बोया दोरीला, दोरी तळीच्या कडेला. हे सगळं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी काचेसारखं होतं. पंच आले. ते मोजपट्टीचे भक्त. त्यांना आम्ही सांगितलं, जुना तिसरा बोया अडकलाय, शेजारी योग्य जागी नवा सोडलाय, सिमेंट भरलेल्या डब्यावर. त्यांनी नवा मोजला आणि मान्य केला. सराव फेऱ्या सुरू व्हायच्या आधी मी अंगातलं तरंगतं जॅकेट काढलं आणि मावशींनी फडक्यात बांधून दिलेली हळकुंडं दातांत धरून दोरीला धरत खाली गेलो.

हिरवं, मग काळपट. डोळ्यांचा उपयोग संपला. हाताला एक आडवा दगड लागला, मधोमध झिजलेला. उंबरा. मी तो ओलांडून आत गेलो, म्हणजे आत असं काही राहिलं नव्हतं, तरी गेलो. मग जातं लागलं. वरची तळी खालच्या तळीवर अशी बरोबर बसली होती की मधे नखही शिरलं नसतं. मी जात्याचं तोंड चाचपलं, हळकुंडं आत सोडली. तेवढ्यात वर कुणीतरी लाँच वळवली असावी. लाट आली आणि तळी माझ्या तळव्याखाली फिरली.

लाट गेली. तळी अजून एक वेढा फिरली.

जातं दोघी समोरासमोर बसून ओढतात, हे तुम्हाला माहीतच आहे. समोरच्या बाजूला पाणी हललं, एवढंच मी सांगू शकतो. मी वर कसा आलो ते मला आठवत नाही.

काठावर मावशी वेगळ्याच चिंतेत. "बायामान्सं किती हायत खेळनारी? लगीन झालेल्या?"

हळद दळायला पाच सवाष्णी लागतात. स्पर्धेला बायका होत्या, पण लग्न झालेल्या तीनच. एक पुण्याची दातांची डॉक्टर, एक शाळेत कबड्डी शिकवणारी, एक दोन पोरांची आई. मी प्रत्येकीकडे जाऊन नाटकी नमस्कार करून विचारलं, बाई, आपले यजमान हयात आहेत ना? दातांची डॉक्टर म्हणाली, "सकाळी तरी होते." कशासाठी ते कळल्यावर मात्र तिघीही गंभीर झाल्या. मग मुख्य पंचांच्या पत्नी फ्लास्क घेऊन झाडाखाली बसल्या होत्या, त्यांना उठवलं. पाचवी मिळेना. शेवटी हळदीला जमलेल्या भावकीतून त्या माघारी आलेल्या पोरीला मावशींनीच पुढे केलं.

दीर मागून बोलला, "तिला कशी चालंल? ती नांदत न्हाय."

"नवरा जिता हाय न्हवं तिचा? मंग कुकू हाय," मावशी म्हणाल्या. "बस गं लाँचीत."

दोघी लाँचमध्ये बसल्या, तिघी आळीपाळीनं दोरीला. मावशींनी सांगितल्याप्रमाणे त्या नव्या बोयाला सोडून जुन्याला वळसा घालत होत्या. पंच शिट्टी तोंडाशी धरून उभे होते, पण ती वाजवली नाही त्यांनी. दोन पोरांची आई सगळ्यात सुंदर गेली. जवळजवळ आडवी, मोकळा हात पाण्याला टेकवत. तिच्या फळीनं उडवलेला पंखा खाली पडला आणि मागे पाण्याचा रंग बदलला. आधी वाटलं ऊन आहे. मग तो पिवळा रंग बोयाभोवती गोल गोल पसरत वर आला. लाँचमधली माघारी आलेली पोर हळू आवाजात ओवी म्हणायला लागली. काठावर दिरानं टोपी काढली.

लाँच काठाला आली तशा मावशी तिच्यात चढल्या, बोयापाशी गेल्या आणि वाकून त्या पाण्याची कळशी भरून घेतली.

मुलगी आज सुखानं नांदतेय, हे आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घ्याल. पण त्या दिवशी ते कुणाला ठाऊक होतं? स्पर्धा वारा सुटायच्या आत उरकली. मी दुसऱ्याच बोयाला तोंडावर पडलो आणि सगळ्यात जास्त टाळ्या मिळवल्या. मग ओल्या अंगांनी आम्ही सगळे वर मावशींच्या अंगणात हळदीला गेलो. कळशी तोवर घरात, जात्याच्या जागी मांडलेल्या पाटापाशी, अंधारात होती.

मुलीला चौरंगावर बसवलं. कळशीच्या काठावर जमलेल्या हळदीचा पहिला हात दिरानं लावला. मग मावशींनी कळशी उचलून तिच्या पायांवर पाणी सोडलं आणि मुलगी दचकली.

"आई, पानी कुनी तापवलं?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. चुलीवर कुणीच काही ठेवलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरनं कळशीत बोट बुडवलं आणि झटकन मागे घेतलं. मावशींनी मात्र पुढचा तांब्या भरला.

"नीट बस," त्या म्हणाल्या. "जात्याखालनं आलेलं दळान ऊनच आसतं."