डोळ्याखालचं कुंकू

कंपनीची बस आमच्या फाट्यावर सकाळी थांबते आणि संध्याकाळी थांबते. त्या दिवशी ती भर दुपारी थांबली. मी पडवीत तांदूळ निवडत होते. बसमधून एकटे इब्राहिमभाई उतरले. लोट्याच्या कारखान्यात यांच्या बरोबरीनं काम करणारे इलेक्ट्रिशियन. त्यांच्या हातात यांचा डबा होता... यांनी आपला डबा कधी कुणाला धरू दिला नव्हता. भाई घाटी चढून वर येईपर्यंत मला काय ते कळलं होतं, तरी मी सूप खाली ठेवलं नाही. चहाच्या सुट्टीत छातीत कळ आली आणि चिपळूणला नेईपर्यंत सगळं संपलं. गणपती जाऊन आठवडाही झाला नव्हता.

लग्नानंतर कितीतरी वर्षं माझा नवरा मला गणपतीत, शिमग्यात आणि जमलं तर मे महिन्यात भेटायचा. बाकीचे दिवस ते मुंबईत, मी इथे सासूबाईंबरोबर. मग लोट्याला पुड्या भरायचा नवा विभाग निघाला आणि यांना तिथे घेतलं. पण ते पक्कं नव्हतं. बाहेरून आणलेली नवी मशीन नीट चालली तर विभाग राहणार, नाहीतर मशीन परत आणि हे मुंबईला. त्या मशीनवर माझा संसार टांगला होता, म्हणून मी तिच्याबद्दल खोदखोदून विचारायचे.

जुन्या मशीनमध्ये सुरी खालीवर करायला लोखंडी कॅम असे, वेडीवाकडी चकतीच ती. नवीत ती चकतीच नव्हती. तिचा आकार आकड्यांनी एका खोक्यात भरायचा, आणि खोकं मोटरला तसं फिरवायचं. कागदावरची काळी खूण एक डोळा बघणार, आणि सुरी दोन पुड्यांमधल्या कोऱ्या पट्टीवर उतरणार. "त्यात जुळवायचं काय एवढं?" मी विचारलं. हे म्हणाले, "अगो, तू नि आई एका उखळात कांडता ना? दोघींचा वेग एकच. पण तिचं मुसळ वर असताना तुझं खाली हवं. ते चुकलं तर मुसळावर मुसळ. ते जुळवणं म्हणजे फेज." आकडे टाकून, पुड्या कापून बघून, पुन्हा आकडे बदलून त्यांनी ते जुळवलं. दसऱ्यानंतर मुंबईचे साहेब बघायला येणार होते.

खंडेनवमीला कारखान्यात पूजा झाली. मशीनला डोळा आहे म्हटल्यावर यांनी कुंकू कुठे लावावं? डोळ्याच्या वर, कपाळ समजून! वर नारळ फोडला. दसरा झाला, मशीन सुरू केली, तर सुरी थेट पुडीच्या पोटात. पावडर चहूकडे. यांना वाटलं, आकडाच चुकला. दिवसभर आकडे बदलत बसले. एकदा जुळायचं, पुन्हा बिघडायचं. घरी आले ते पायही न धुता ओट्यावर बसले. "बहुतेक पुन्हा मुंबईच," एवढंच म्हणाले. मी उठले. चुलीपाशी जाऊन रडले.

सकाळी न्हाऊन मी कुंकू लावलं. मन ठिकाणावर नव्हतं, खाली मेण लावायचं राहिलं. केसांचं पाणी ओघळलं आणि कुंकू पापणीवर उतरलं. मी डोळा चोळत होते नि हे माझ्याकडे टक लावून बघत होते. एकदम ओरडले, "अगो, तिच्या डोळ्यात गेलाय कुंकू!"

"कुणाच्या?" मी उसळलेच. "ही ती कोण?"

चहासुद्धा न घेता हे फाट्याकडे पळाले. नारळाच्या पाण्यानं कुंकू ओघळून मशीनच्या डोळ्यावर बसलं होतं. खूण कधी दिसायची, कधी नाही. मऊ फडक्यानं डोळा पुसला, पहिले आकडे परत भरले, आणि साहेबांसमोर सुरी जिथं पडायची तिथंच पडली. मग यांनी डोळ्याच्या खाली पत्र्यावर पांढऱ्या रंगानं एक गोल काढला. कुंकू तिथंच लावायचं, म्हणजे ओघळलं तरी खालीच जाईल. त्या मशीननं माझा नवरा मला रोज संध्याकाळी घरी आणून दिला. फार वर्षं नाही दिला, पण दिला.

परवा खंडेनवमीला कंपनीची बस पुन्हा अवेळी थांबली. इब्राहिमभाई अंगणात चप्पल काढून उभे. "वहिनी, पूजेला तुम्हीच येवा. पोरांनी मशीनला हात लावलेला नाय अजून." मी सासूबाईंकडे पाहिलं. माझं कपाळ आता मोकळं. अशा बाईनं कुंकवाचा करंडा उचलावा का? त्यांचंही कपाळ कधीपासूनच मोकळं. त्या म्हणाल्या, "जा गो. त्याची मशीन ती. लोकांचा काय जाताय?"

गोल तसाच होता. पांढरा रंग आत कुठे दिसतच नव्हता, दरवर्षीचं कुंकू त्यावर सुकून बसलेलं. मी बोट टेकवलं. बोटाला उरलेलं कुंकू आपसूक माझ्या कपाळाकडे निघालं... आणि हात मध्येच थांबला. इब्राहिमभाईंनी मान वळवली आणि बटण दाबलं. सुरी उतरली, बरोबर कोऱ्या पट्टीवर. पुडीमागून पुडी खाली पडत राहिली. सगळं यांनी जुळवून ठेवलं होतं तसंच चाललं होतं, आणि ते बोट तसंच उंच धरून मी रडत उभी होते.