शिंग थंड होईपर्यंत

मित्रमैत्रिणींनो, आज सकाळी माझी आर्वीची बस चुकली आणि नोकरीची मुलाखतही. काय झालं ते सांगते, मग तुम्हीच बोला.

माझे बाबा म्हशीच्या शिंगापासून बंदुकीची दारू ठेवायची जुन्या पद्धतीची शिंगं बनवतात. आता लोक ती हौसेनं भिंतीवर टांगतात. शिंग उकळून मऊ झालं की त्याच्या रुंद तोंडात सागाचं बूच ठोकायचं आणि शिंग थंड होऊन आवळेपर्यंत दोघांनी दाबून धरायचं. आई रोजच्यासारखी दिवसभरासाठी शेतात गेली होती. बाबा एकटेच झटत होते आणि बूच तिरपं होत होतं. शिंग आमच्याच मेलेल्या म्हशीचं होतं. मी इस्त्रीच्या कपड्यांतच खाली बसले आणि धरलं.

तेवढ्यात वळणावर बस दिसली.

"सोड पोरी, गाडी येऊन राह्यली!"

"सोडलं तर बूच निघते, बाबा."

"निघू दे. तुले याच्यासाठी शिकवलं काय?"

मला सोडवलं नाही. बस थांबली आणि गेली.

नंतर शिंगात पाणी भरून पाहिलं. एक थेंब गळला नाही. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुले नोकरी लागेपर्यंत आता शिंग उकळत नाई मी."

घरातली मी पहिली पदवीधर. घरी राहिले तर बाबांचं काम बंद. नोकरीला गेले तर शिंग धरायला कोण?

तुमच्यापैकी कुणाला यातून वाट सापडली आहे का?