भयकथाकार भुजंगसर

भुजंगसर गेल्याची बातमी त्यांच्या मुलीने, वैशालीने, मला फोनवर सांगितली आणि त्यांच्या वाचकांना सरांच्याच खात्यावरून कळवली. "आज सकाळी भुजंगराव वारले," एवढंच तिने लिहिलं होतं. थोड्याच वेळात खाली प्रतिक्रिया येऊ लागल्या. "जबरदस्त सुरुवात." "एका ओळीत अंगावर काटा." "पुढचा भाग कधी?" वैशालीने त्या मला फोनवर वाचून दाखवल्या, रडता रडता मध्येच हसली आणि म्हणाली, "काका, ह्यांना काय सांगू आता? पुढचा भाग मागायलेत." मी नांदेडच्या घरात फोन कानाला लावून उभा होतो. भयकथा लिहिणारा माणूस खरोखर मेला तर ते वाचकांना कसं पटवायचं, याची सोय अजून कुठल्याही ऑनलाइन समूहाने केलेली नाही.

आम्ही दोघं अहमदपूरच्या एका शाळेत बरोबर नोकरीला होतो. ते भूगोल शिकवत, मी मराठी. नाव भुजंग, पण वर्गात पाल निघाली तर मुलांच्या आधी तेच बाहेर येत. ते मूळचे किनवटकडचे. तिकडे 'करतो आहे' असं कुणी म्हणत नाही, 'करून राहिलो' म्हणतात. मी रेणापूरचा, आमच्याकडे त्याच गोष्टीला 'करायलोय' म्हणतात. स्टाफरूममध्ये मी विचारायचो, "काय करायलाव सर?" ते म्हणायचे, "पेपर तपासून राहिलो." मग कुणीतरी हमखास म्हणायचं, "तपासून राहिलाव ना? मग उठा की, चहाला चला." हा एकच विनोद आम्ही नोकरीभर पुरवला आणि सर दरवेळी नव्याने हसत. वैशाली आमच्याच भागात वाढली, त्यामुळे तिचं बोलणं आमच्यासारखं. घरात बापाची सगळ्यात जास्त चेष्टा तीच करायची.

निवृत्तीनंतर कुसुमवहिनी आजारी पडल्या आणि एका उन्हाळ्यात गेल्या. वैशालीने सरांना लातूरला स्वतःकडे नेलं. मी अधूनमधून नांदेडहून एसटीने जायचो. सर गॅलरीत बसलेले असत, समोर शेजारच्या इमारतीची भिंत. भिंतीकडे बघण्यासारखं काही नव्हतं, पण ते अशा नजरेने बघत, की मीही थोडा वेळ बघत बसे... दुपार हळूहळू त्या भिंतीवरून उतरत जायची आणि आम्हा दोघांपैकी कुणीतरी झोपेतून उठल्यासारखं म्हणायचं, चहा झाला का?

बाप बोलत नाही म्हणून वैशालीने त्यांच्या फोनवर कथा लिहिण्याचं एक अ‍ॅप घालून दिलं. टाइप करायचा कंटाळा, म्हणून माइकचं बटण दाखवलं. बोललेलं आपोआप उमटतं. अ‍ॅपने विचारलं, कथेचा प्रकार कोणता? प्रेम, कौटुंबिक, विनोदी, भय. सरांनी भय दाबलं आणि त्यासरशी ते भयकथा लिहिणाऱ्यांच्या एका समूहाचे सदस्य झाले. समूहाचं नाव देत नाही. हसू येईल, आणि हा लेख हसण्यासाठी नाही, निदान पूर्णपणे नाही. तिथे सगळ्यांची टोपणनावं स्मशानातून आणल्यासारखी होती. फोटोंमध्ये अर्धा चेहरा, उरलेला धूर. नव्या सदस्याचं 'काळोखाच्या कुटुंबात' स्वागत करायचा रिवाज होता, कवट्यांच्या चित्रांसकट. सरांनी तिथे बँकेच्या पासबुकासाठी काढलेला फोटो लावला. भुजंग हे टोपणनाव नसून आईबापांनी ठेवलेलं नाव आहे यावर शेवटपर्यंत कुणाचा विश्वास बसला नाही.

पहिली कथा जेमतेम पानभर होती. गोष्ट खरी होती. त्यांच्या अहमदपूरच्या घरातली एक दुपार. तीत हे वाक्य होतं: "कुसुम आत मरून राहिली होती आणि मी बाहेर शेंगा फोडून राहिलो होतो." पुढे, "चहा उकळून राहिला होता. शेजारची बाई धुणं वाळवून राहिली होती."

आमच्यापैकी कुणी हे वाचलं असतं तर गप्प झालं असतं. बायको आत शेवटचे श्वास घेते आहे आणि नवरा ओसरीत शेंगा फोडतो आहे. पण समूहातले वाचक पुण्याचे, ठाण्याचे. त्यांनी वाक्य जसं दिसतं तसं वाचलं. ती मेली, आणि तरी आत राहिली. त्याने शेंगा फोडल्या, आणि तो बाहेर राहिला. चहासुद्धा उकळून तिथेच राहिला. समूहात खळबळ उडाली. एका बाईंनी लिहिलं की दिवसाउजेडी घरात दिवा लावून बसले आहे. एका समीक्षकाने, म्हणजे ज्याला तिथे समीक्षक म्हणत त्याने, लांबलचक टिपण लिहिलं: या घरात प्रत्येकाची कृती संपली आहे, उरलं आहे ते केवळ राहणं. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण आपल्याच भाषेत अशी खोली दडली आहे याची मला कल्पना नव्हती.

सरांचा फोन आला. "सर, हे लोकं काय म्हणून राहिले? मी तर झालं ते सांगितलं." मी समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे, त्यांना वाटून राहिलं का, की कुसुम आत हाय अजून?"

"हाव," मी म्हणालो. "त्यांना तसंच वाटायलंय."

"असू द्या मग. काही सांगू नका."

पुढच्या खेपेला लातूरला गेलो तेव्हा त्यांनी त्या दुपारचं मला सांगितलं. दवाखान्यातून वहिनींना घरी आणलं होतं. वैशाली लातूरहून निघालेली, बस वाटेत. सरांना आत जायची भीती वाटत होती. आतून श्वासाचा आवाज येत होता. तो ऐकू येऊ नये म्हणून ते शेंगा फोडत बसले, आणि त्या फोडण्याच्या आवाजात श्वास कधी थांबला ते कळलंच नाही. "त्या दिवशी लई भेव वाटलं, सर. म्हणून ते भय दाबलं मी. मी आत गेलो तवा ती..." ते भिंतीकडे बघत राहिले. "आन् हे पोरं म्हणून राहिले, ती थांबली होती."

त्यानंतर ते दर दुपारी फोनशी बोलत. मी गॅलरीच्या दारात बसून ऐकायचो. आवाज इतका हळू, की झोपेत कुणी शेजारच्या खोलीत बोलावं तसा. सगळ्या कथा त्याच घरातल्या. रक्त नाही, किंकाळी नाही. एका कथेत कुसुम गच्चीवर कुरडया वाळत घालून राहते आणि ऊन उतरत नाही. एकीत ती नवऱ्याला म्हणते, चपला बाहेर काढा, आणि तो उभ्या जागी विरघळतो. वाचक म्हणत, इतकी शांत भुताटकी आम्ही वाचली नाही. धुरातले अर्धे चेहरे त्यांना 'गुरुवर्य' म्हणू लागले. मी म्हटलं, "गुरुवर्य, पाय कुठंयत तुमचे?" "सुजून राहिले," ते म्हणाले. पाय खरंच सुजत होते. आजार तिथूनच दिसायला लागला होता, आम्ही बघितलं नाही इतकंच.

मग समूहाने छापील संग्रह काढायचं ठरवलं आणि पहिलीच कथा सरांची घेतली. ती जाहीर होताच यवतमाळच्या एका वाचकाने लिहिलं, "अहो, आमच्याकडे असंच बोलतात. ती बाई मरत होती, एवढाच अर्थ आहे. यात भूत कुठंय?" समूह दुभंगला. कथा 'कौटुंबिक'मध्ये हलवावी का यावर मतदानाची भाषा झाली. संपादक मंदार, पुण्याचा तरुण, सज्जन मुलगा, त्याने सरांना फोन केला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. वाक्य स्पष्ट करा. 'मरत होती' लिहिलंत तर कथा सुंदर आहे, पण आपल्या संग्रहात बसणार नाही. 'मेली होती तरी आतच होती' लिहिलंत तर पहिलं पान तुमचं.

सरांनी दोन्ही नाकारलं. मला म्हणाले, "पहिलं लिहिलं तर ती पुन्हा एकटी गेली. दुसरं लिहिलं तर मी खोटा. माझ्या वाक्यात दोन्ही हाय. त्याला हात लावू देऊ नका." नेहमी पडतं घेणाऱ्या माणसाचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मंदारने विचार करायला वेळ दिला. त्या वेळातच सर गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी लातूरला गेलो. समूहाला एव्हाना मृत्यू पटला होता आणि तिथे श्रद्धांजलीची लाट आली होती. भयकथाकार एरवी मृत्यूवर इतकं लिहितात, पण खऱ्या मृत्यूपुढे सगळ्यांना एकच जोडलेल्या हातांचं चित्र सुचलं. दुपारी मंदारचा फोन आला. त्याने आधी सांत्वन केलं, मग चाचरत विषय काढला. संग्रह छपाईला जातो आहे. आता लेखक नाहीत, तेव्हा वाक्याचं काय करायचं ते घरच्यांनी सांगावं.

वैशालीने स्पीकर लावला आणि माझ्याकडे बघितलं. मी मराठीचा शिक्षक. तिला वाटलं असावं, नियम मला ठाऊक. मी तिला सरांचं म्हणणं सांगितलं. ती दुपार तिचीही होती. ती बसमध्ये होती, पोचली तेव्हा बाप दारात शेंगांच्या टरफलांत उभा होता आणि आई आत. तिने ते वाक्य आजवर आमच्यासारखंच वाचलं होतं. आता फोनच्या पडद्यावर तिने ते पुन्हा वाचलं, ओठ हलवत, हळू... आणि दुसऱ्यांदा वाचताना तिचा चेहरा बदलला.

"मंदार," ती म्हणाली, "एक अक्षर बदलू नका."

"पण ताई, वाचकांनी नेमकं काय समजायचं? ती गेली, की आहे?"

"तुम्हाला काय वाटलं होतं वाचताना?"

"मला... आहे असंच वाटलं होतं."

"मग ऱ्हाऊ द्या."

तो म्हणाला, ठीक आहे, समूहाचं मी बघतो. पुढे मतदान झालं की नाही कोण जाणे. कथा संग्रहात पहिली आहे, वाक्य जागेवर आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कवटी आहे, तिला इलाज नव्हता.

फोन ठेवून वैशाली चहा टाकायला आत गेली. मी गॅलरीत सरांच्या खुर्चीत बसलो. समोर भिंत, तिच्यावर सावकाश उतरणारं ऊन. सरांचा फोन वैशाली अजून रोज चार्ज करून कठड्याजवळ ठेवते. तो थरथरला. कुणीतरी पहिली कथा आत्ता कुठे वाचली होती. मग आणखी कुणीतरी. मी बघत बसलो. आतून भांड्याचा आवाज आला आणि वैशालीने विचारलं, "काका, काय म्हणून राहिले लोकं?"

जन्मभर तिच्या तोंडून हे असं आलं नव्हतं. तिच्या ते लक्षातही आलं नाही. चहाला उकळी फुटल्याचा वास येत होता.

"वाचून राहिले," मी म्हणालो.