पोवळ्यांची दुपार

शिक्रापूरला आम्ही आप्पांच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. आप्पांची फुलशेती होती, नवरा रांजणगावच्या कंपनीत होता. त्याला समुद्राचं वेड कुठून लागलं देव जाणे. टीव्हीच्या जागी दोन फुटी काचेची टाकी आली. खास मीठ कालवून त्यानं तिच्यात समुद्राचं पाणी तयार केलं आणि पुण्यातल्या एका छंदिष्टाकडून पाच जिवंत पोवळी आणली. मऊ बोटांसारखी, सारखी हलणारी. पाणी जरा तापलं की त्याचा जीव खालीवर. मला ती टाकी डोळ्यांसमोर नको व्हायची.

एप्रिलमध्ये एकदा तो फर्स्ट शिफ्टला गेला आणि दहाला लाइट गेली. लोडशेडिंग रोजचंच, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवला होता. बाराला तोही बंद पडला. थर्मामीटर एकतीसवर गेला, पोवळी आक्रसून गोळा झाली. मी कंपनीत फोन लावला.

“सुपरवायझर सोडत नाही,” तो म्हणाला. “बर्फ पिशवीत बांधून पाण्यात सोड. आणि मगाने पाणी वर उचलून ओतत राहा. थांबू नकोस.”

रसवंतीवरून पळत बर्फ आणला. पिशवी टाकीत सोडली. पाण्याचा मग भरायचा, वरून ओतायचा. तासाभरात हात भरून आले. आवाज ऐकून आप्पा डोकावले.

“ही फुलं हायती का जनावरं?”

“जनावरं, आप्पा. हवा मिळाली नाही तर मरतील.”

आप्पा गेले आणि पाठीवरचा फवारणी पंप घेऊन आले. “ह्यानं हवा मारू.”

“आप्पा, ह्यात औषध असतं ना?”

“धुतलाय की.”

त्यांनी नळी पाण्यावर धरलीसुद्धा होती. मी त्यांचा हात धरला. घरमालक, वडिलांच्या वयाचे. “नको आप्पा. थेंब पडला तरी संपलं सगळं.”

आप्पा पंप बाहेर ठेवून, हात साबणानं कोपरापर्यंत धुऊन आले. “दे तो पाण्याचा मग हिकडं. तू टेक जरा.”

चारला नवरा आला तेव्हा आप्पाच पाणी ओतत होते. दोन पोवळी मरून विरघळायला लागली होती. टाकीतलं पाणी नासू नये म्हणून त्यानं ती लगेच काढली. लाइट पाचला आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्यांतल्या एकानं बोटं उघडली. नवरा झोपला होता. त्याला उठवायच्या आधी मी बराच वेळ एकटीच बघत बसले.